ऊर्जेचा केर

आमच्या घराची ऊर्जा जड झाली आहे, असं लेकीनं एका रविवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता जाहीर केलं. तिच्याकडे पुरावे तयार होते. एका महिन्यात मिक्सर जळला, बाबांचा पासपोर्ट सापडेना, गॅलरीतली तुळस वाळली आणि तिचं स्वतःचं अप्रेझल पुढं ढकललं गेलं. मी म्हटलं, मिक्सर जळला कारण तुझ्या बाबांनी त्यात अख्खी सुंठ घातली. तुळस वाळली कारण एसीचं बाहेरचं धूड दिवसभर तिच्या तोंडावर गरम वाफा सोडतं. पासपोर्टबद्दल मी काही बोलले नाही, कारण तो शेवटचा माझ्या हातात होता.

पुढच्या गुरुवारी घराची तपासणी करायला एक बाई आल्या. पांढरा कुडता, पांढरी ओढणी, पांढऱ्या मोज्यांनी चकचकीत फरशीवर अजिबात आवाज न करता चालणं. आवाजानं घर शुद्ध करणाऱ्या बाई स्वतः इतक्या बिनआवाजी की सासूबाईंनी दोनदा विचारलं, "आल्या का गं त्या?" आम्ही घरात त्यांना ऊर्जाताई म्हणायला लागलो. दक्षिणा पाच हजार एक. वरचा एक रुपया शुभ, खालचे पाच हजार त्यांचे.

ऊर्जाताईंची पद्धत सोपी होती. घराच्या प्रत्येक कोपऱ्यात उभं राहायचं आणि खालून वर टाळ्या वाजवत जायचं. टाळी 'ठण्ण' वाजली तर ऊर्जा वाहती, 'ठप्प' वाजली तर तुंबलेली. कोपऱ्यात टाळ्या वाजवण्याचं हे शास्त्र आपल्या ऋषिमुनींचं असावं, असं मला उगाच वाटत होतं. तसं नाही. कॅरन किंग्स्टन नावाच्या इंग्रज बाईंनी १९९६ साली फेंगशुईवर एक पुस्तक लिहिलं, त्यातून ते जगभर पोचलं. बाई बाली बेटावर राहिलेल्या, टाळ्यांच्या जोडीला त्या वाजवत त्या घंटा बालीतल्या, फेंगशुई चीनचं, पुस्तक इंग्रजी आणि टाळ्या आमच्या बेडरूममध्ये. ऊर्जा वाहती असते म्हणतात ती ही अशी.

हॉलमध्ये टाळी 'ठण्ण' वाजली. पडदे धुवायला काढले होते. स्वयंपाकघरातही 'ठण्ण', तिथं सगळ्या भिंतींना टाइल्स. बेडरूममध्ये मात्र दिवाणापाशी गेल्यावर 'ठप्प'. ऊर्जाताईंनी डोळे मिटले. "इथे खूप जुनं काहीतरी अडकलंय," त्या हळूच म्हणाल्या.

हे शंभर टक्के खरं होतं. त्या दिवाणाच्या आत आणि वर मिळून तीन गाद्या, पाच रजया, सासूबाईंच्या नऊवारींचं गाठोडं, लेकीची बालपणीची अस्वलं आणि पाहुणे आले तर लागतील म्हणून ठेवलेल्या अकरा उशा होत्या. एवढे पाहुणे आमच्याकडे कधी आले नाहीत. त्यांना उशांची कल्पना आली असावी. आवाज कापसात शिरला की उसन्या दिलेल्या पुस्तकासारखा परत येत नाही. म्हणून तर नाट्यगृहाच्या भिंतींना मऊ अस्तर लावतात. पण पाच हजार एक रुपये दिल्यावर भौतिकशास्त्र बोलणं बरं दिसत नाही.

उपाय सांगण्यात आला: रोज संध्याकाळी साडेसातला प्रत्येक खोलीत सिंगिंग बोल वाजवायचा. तो लेकीनं आधीच मागवला होता. अठ्ठेचाळीसशे रुपये, सोबत लाकडी दांडकं, छोटी गादी आणि तिबेटच्या डोंगरांचं चित्र असलेली डबी. डबी उघडली. आत पिवळसर, जाड काठाची, ठोकून केल्यासारखे खळगे असलेली एक वाटी होती.

सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटी केली, बोटाच्या पेरानं टिचकी मारली, कानाशी नेली. त्यांचं वय त्र्याऐंशी. दूरदर्शनवरच्या बातम्या त्यांना ऐकू येत नाहीत, पण वाटीचा आवाज आला.

"अगं, ही तर काशाची वाटी."

"आजी, हा सिंगिंग बोल आहे. तिबेटी."

"असेल. तिबेटात काशाची वाटी असू नये असं मी कुठं म्हटलं?"

खरं सांगायचं तर सासूबाईंचंच बरोबर होतं. कासं म्हणजे तांबं आणि कथील. साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं, बावीस भाग कथील असं मिश्रण जमलं की भांडं ठणठणतं आणि आपटलं तर फुटतंही. घंटांचं कासंही जवळपास हेच. तळपायाला साजूक तूप लावून ज्या वाटीनं आपण उष्णता काढतो तीही याच कुळातली. आमची ती वाटी दोन वर्षांपूर्वी मी 'पसारा कमी करा' मोहिमेत मोडीत घातली होती, किलोच्या भावानं. म्हणजे एक काशाची वाटी मी घराबाहेर घालवली आणि तिची चुलत बहीण अठ्ठेचाळीसशे रुपये देऊन घरात आली. निगेटिव्ह एनर्जी कुणाला म्हणायचं, याचा माझ्यापुरता उलगडा इथंच झाला.

आणि तिबेटचं म्हणाल, तर या वाटीनं रोग बरे होतात आणि घरं शुद्ध होतात ही कीर्ती तिला पश्चिमेत मिळाली, तीही १९७०च्या दशकात. हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या दोघांनी १९७२ साली 'तिबेटन बेल्स' नावाची ध्वनिमुद्रिका काढली आणि तिथल्या हिप्पी मंडळींना ती वाटी फार आवडली. वाट्या बहुतेक नेपाळात आणि भारतात घडतात. म्हणजे आपलीच वाटी कॅलिफोर्नियाला जाऊन, थोडं इंग्रजी शिकून, आडनाव बदलून परत आली. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या मुलांचं हेच झालंय.

वाटी दांडक्यानं ठोकली तर कुणालाही वाजते. ती गायला हवी असेल तर दांडकं तिच्या काठावरून गोल फिरवत राहावं लागतं. दांडकं काठाला किंचित चिकटतं, सुटतं, परत चिकटतं आणि त्या धरसोडीनं वाटी थरथरायला लागते. ओल्या बोटानं काचेच्या ग्लासाची कड घासली की होतं तसंच. लेकीनं वीस मिनिटं दांडकं फिरवलं. वाटीतून सुतारकाम चालल्यासारखा आवाज येत राहिला. मग तिच्या बाबांनी फिरवलं. त्यांना घाई. वाटी गादीवरून उडून टीव्हीच्या रिमोटवर पडली.

सासूबाई म्हणाल्या, "आण इकडं." त्यांनी वाटी डाव्या तळव्यावर ठेवली, दांडकं उजव्या मुठीत घेतलं आणि न बघता फिरवायला लागल्या. तिसऱ्या फेऱ्याला वाटी हुंकारली. पाचव्या फेऱ्याला तो आवाज खोलीभर पसरला आणि शोकेसमधल्या काचा बारीक किणकिणल्या. आम्ही बघतच राहिलो.

"यात काय मोठंसं?" त्या म्हणाल्या. "साठ वर्षं सहाणेवर चंदन उगाळतेय. दाब बदलायचा नाही आणि घाई करायची नाही."

लेकीनं त्याचा व्हिडिओ काढला. नंतर त्यावर पार्श्वसंगीत टाकलं. का, ते विचारू नका.

हे पार्श्वसंगीत ४३२ हर्ट्झचं होतं. म्हणजे त्यातला 'ए' हा सूर सेकंदाला ४४० ऐवजी ४३२ कंपनांचा. ४४० हा आकडा १९३९ साली लंडनच्या परिषदेत सगळ्यांनी मिळून ठरवला. कारण एवढंच, की एका गावचा वाद्यवृंद दुसऱ्या गावच्या बासरीवाल्याला घेऊन वाजवायला बसला तर मारामारी होऊ नये. पण लेकीच्या ॲपच्या मते ४४०नं माणूस चिडचिडा होतो आणि ४३२नं विश्वाशी जोडला जातो. माझा नवरा हौशी पेटीवाला. त्यानं हिशेब केला. ए म्हणजे पांढरी सहा. ४३२ म्हणजे जराशी उतरलेली पांढरी सहा.

"अगं, आपली पेटी पाच वर्षं तिथंच होती!" तो ओरडला. "गेल्या वर्षी दीड हजार रुपये देऊन मी ती वर चढवून आणली!"

त्याचा दुसरा प्रश्न मला जास्त रास्त वाटला. आपल्याकडे 'सा' काही शासनानं ठरवून दिलेला नाही. ज्याचा जसा गळा, तसा त्याचा सा. कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी पाच. तंबोरा गवयाकडे बघून लावतात, विश्वाकडे बघून नाही. मग घरातल्या निगेटिव्ह एनर्जीला घालवण्याआधी तिची पट्टी कोणती, हे नको का विचारायला?

खरं तर आवाज करून नकोशा गोष्टींना हाकलणं आपल्याला नवं नाही. देवघरातली घंटा आपण वाजवतो ती देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून. घंटापूजेच्या श्लोकातच तसं म्हटलेलं असतं. एकाच घंटेनं एकाला या म्हणायचं आणि दुसऱ्याला चालते व्हा. दारात दोघांची गाठ पडत असेल तर काय बोलत असतील, असा विचार मला आरतीच्या वेळी हमखास येतो. डोंबिवली फास्टसारखं असणार. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या.

सासूबाईंचं माहेर वाईजवळचं. तिथं मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागं घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळात तशीच एक आहे, भीमाशंकरलाही. युरोपात चर्चची घंटा सैतानाला आणि वादळाला पळवून लावते असं मानत. वादळ आलं की माणसं मनोऱ्यावर चढून घंटा वाजवायची आणि वीज नेमकी त्याच मनोऱ्यावर पडायची. सैतानाचं काय झालं माहीत नाही, घंटा वाजवणारे मात्र दगावायचे. असो. म्हणजे कृष्णाकाठी आली ती नवशिकी घंटा नव्हती. या कामाचा पूर्वानुभव असलेली उमेदवार होती. पोर्तुगीजांचा सैतान पळवायची, मराठ्यांचे राक्षस पळवायला लागली. खातं तेच, फक्त बदली झाली.

पण सासूबाईंच्या मते या सगळ्यात खरी मोहीम अलक्ष्मीची. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री त्यांच्या आई आणि काकू सूप घ्यायच्या, त्यावर लाटणं बडवत घराच्या आतल्या खोलीपासून सुरू करायच्या. माजघर, ओटी, अंगण करत अलक्ष्मीला म्हणजे लक्ष्मीच्या थोरल्या बहिणीला घराबाहेर काढायच्या. केरसुणीची त्याच रात्री पूजा झालेली असायची आणि सुपाला मात्र मार. झाडलोटीच्या खात्यातही कुणाला बढती, कुणाला बडती.

"बाहेर म्हणजे कुठपर्यंत?" मी विचारलं.

"शिवेपर्यंत."

"आणि शिवेपलीकडे?"

"पलीकडचं गाव. त्याही बायका सुपं बडवत असायच्याच की."

मला एकदम चित्र दिसलं. अमावास्येचा मिट्ट काळोख. दोन गावांच्या मधोमध बिचारी अलक्ष्मी उभी. इकडून लाटण्यांचा आवाज, तिकडूनही लाटण्यांचा आवाज. आयुष्यात एकदाही कुणी "बस, चहा घेतेस का?" म्हटलेलं नाही. शेकडो वर्षं ती शिवेवर येरझाऱ्या घालतेय. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आवाजानं केर नाहीसा होत नाही, फक्त शेजारी सरकतो. झाडूनं होतं तेच, थोडं सुरात.

गावाला निदान शीव होती. आमच्या दाराबाहेर सोसायटीचा सामायिक पॅसेज आहे. त्यात चपलांचं कपाट ठेवायलाही परवानगी नाही, ऊर्जा तर दूरच.

आणि झालंही तसंच. आम्ही रोज साडेसातला वाटी वाजवायला लागून पंधरवडा झाला आणि सोसायटीच्या सभेत, पाण्याच्या टाकीनंतर आणि पार्किंगच्या आधी, आमचा विषय निघाला. खालच्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, तुमची वाटी सुरू झाल्यापासून आमचा फ्रिज घरघरतोय. जड ऊर्जा खाली बसते, हे साधं विज्ञान आहे. तुमची शुद्धी, आमची वृद्धी! चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ऊर्जा वर जाते, कारण आमच्या मुलाचे गुण त्याच पंधरवड्यात उतरले. सेक्रेटरींनी मधला मार्ग काढला. ज्यानं त्यानं आपापली निगेटिव्ह एनर्जी आपापल्या क्षेत्रफळात ठेवावी. त्यावर एकानं विचारलं, कार्पेट एरिया की बिल्टअप? अर्धा तास गेला.

निवृत्त इंजिनिअर काकांनी नियमच वाचून दाखवला. ध्वनिप्रदूषणाचे नियम, सन २०००. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री दहानंतर पंचेचाळीस. वाटी नियमात बसते की नाही, हे मोजायला मोबाइलवर ॲप लावलं. वाटी बसली. सभा बसली नाही, ती ब्याऐंशीवर होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बघा, या इमारतीत नियम पाळणारी एकटी निगेटिव्ह एनर्जीच आहे. ती कधी पंचावन्नच्या वर जात नाही.

सभेचा परिणाम एवढाच झाला की पुढच्या आठवड्यात इमारतीत आणखी पाच वाट्या आल्या. स्वसंरक्षणार्थ. संध्याकाळी साडेसातला तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत हुंकार सुरू व्हायचा. २२ मार्च २०२०ची संध्याकाळ आठवली. पाच वाजता थाळ्या वाजवा म्हटलं होतं ते डॉक्टर-नर्सना धन्यवाद द्यायला, पण व्हॉट्सॲपवर तोवर थाळीच्या कंपनांनी विषाणू मरतो असं ठरूनही गेलं होतं. विषाणूचं काही झालं नाही. माझ्या लग्नातल्या थाळीला मात्र पोचा आला, तो अजून आहे. त्यात वरण साठतं.

आता सहा घरांतून हाकललेली ऊर्जा जाणार कुठं? उत्तर शनिवारी मिळालं. लिफ्ट बंद पडली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध, दार अर्धं उघडं, आणि आतली बाई न दमता सांगतेय, कृपया दरवाजा बंद करें. कृपया दरवाजा बंद करें. मला परत शिवेवरच्या अलक्ष्मीची आठवण झाली. निदान इथं तिच्याशी कुणीतरी 'कृपया' म्हणून बोलत होतं.

मधल्या काळात एक गोष्ट मात्र घडली, ती लपवून ठेवणं बरं नव्हे. ऊर्जाताईंच्या त्या 'ठप्प'मुळे चिडून मी एके दिवशी दिवाण रिकामा केला. गाद्या पिंजायला दिल्या, अकरातल्या आठ उशा आश्रमात दिल्या, नऊवारींच्या गोधड्या शिवायला टाकल्या. तळाशी, २००९च्या वीजबिलांखाली, माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचे' लिहिलेल्या पिशवीत पासपोर्ट सापडला. ऊर्जाताई दुसऱ्या खेपेला आल्या, कोपऱ्यात उभ्या राहिल्या, टाळी वाजवली. 'ठण्ण!' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांचा चहा साखरेचा करावा लागला. काम टाळ्यांनी केलं की माझ्या कंबरेनं, यावर आमचं अजून एकमत नाही. कंबर मात्र माझ्या बाजूनं आहे.

मग एका संध्याकाळी साडेसातला वाटी जागेवर दिसेना. शोधत आतल्या खोलीत गेले तर लेक सासूबाईंच्या पलंगावर आडवी, लॅपटॉप मिटलेला, आणि सासूबाई तिचा तळपाय मांडीवर घेऊन तुपाचं बोट फिरवून अठ्ठेचाळीसशे रुपयांच्या वाटीनं घासतायत. सहाणेवरच्यासारखंच. गोल, एका दाबानं, घाई न करता. वाटीतून काळं तूप सुटलं होतं.

"बघ किती उष्णता निघतेय," सासूबाई म्हणाल्या. काशावर तूप घासलं की काळं होणारच, उष्णता असो नसो. पण मी काही बोलले नाही. लेक घोरत होती.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. देव आला की राक्षस गेला, बघायला मी दार उघडलं. खालचे काका. आता फ्रिजबद्दल काय ऐकावं लागणार म्हणून मी पदर खोचला.

"आज वाजली नाही ती?" काकांनी विचारलं.

"कोण?"

"वाटी हो." काका जरा घुटमळले. "नाही, म्हणजे आमच्या हिला सवय झालीय. तुमची वाटी वाजली की ती कुकर लावते. पावणेआठ झाले, अजून बसून आहे. म्हणते, आज वेळ झाली की नाही कळत नाही."

मी आत पाहिलं. वाटी तुपाची, तळपायावर. ती आता वाजणं शक्य नव्हतं. मी स्वयंपाकघरातून पोचा आलेली थाळी आणली, लाटणं घेतलं आणि दारात उभी राहून तीनदा सणसणीत बडवली. लिफ्टमधल्या बाईंचाही आवाज क्षणभर बुडाला.

आतून सासूबाईंची हाक आली, "अगं, शिवेपर्यंत नको. खालच्या मजल्यापर्यंत पुरे."

खालून शिट्टी आली.